ढिगाची बांधणी

चांगलं तयार झालेलं कंपोस्ट ओंजळीत घेतलं, की आधी जाणवतं ते त्याचं वजन. दिसायला मातीसारखं काळं, पण मातीहून पुष्कळ हलकं. मूठ आवळली तर गोळा होतो, बोटानं जरा ढकललं की तो मोकळा होऊन रवाळ सांडतो. उन्हात धरलं तर काळ्याच्या आतली गडद तपकिरी छटा दिसते, आणि कुठेतरी अंड्याच्या टरफलाचा पांढरा कण किंवा पिंपळपानाचा देठ अजून आपली ओळख टिकवून असतो. नाकाशी नेलं तर पहिल्या पावसाचा वास येतो. हे अलंकारिक बोलणं नाही. मृद्गंधात जिओस्मिन नावाचं जे द्रव्य असतं, तेच इथेही असतं, आणि ते तयार करणारे स्ट्रेप्टोमायसीस हे सूक्ष्मजीवही तेच. लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाचं नाक ते टिपतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की या वासानं स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक, उड्या मारणारे जीव सूक्ष्मजीवांकडे ओढले जातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दूर पसरवतात. म्हणजे आपल्याला इतका सुखावणारा हा वास मुळात दुसऱ्याच कुणाला घातलेली साद आहे. तो आपल्यालाही ऐकू येतो, हे आपलं भाग्य.

घरी खत करणाऱ्या बहुतेकांची या पदार्थाशी ओळख होते ती कचऱ्याच्या निमित्तानं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं, पुणे महापालिकेसारख्या संस्था गांडूळखताचा प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना करात सवलत देतात, आणि त्यामुळे गच्च्यांवर, सज्जांमध्ये डबे आले. हे फार चांगलं झालं. पण कचरा संपवणं आणि खत बनवणं या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. कचरा संपवणाऱ्याचं लक्ष असतं टाकलेली साल किती लवकर दिसेनाशी झाली याकडे. खत बनवणारा पाहतो ढिगाची बांधणी: कशावर काय पडलं, मध्ये हवा किती राहिली, ओल कुठे थांबली. कुजणं आपोआप होतं, उकिरड्यावरही होतं. वर सांगितलेली ओंजळ मात्र आपोआप हाती येत नाही, ती कुणीतरी रचलेली असते. मला इथे बोलायचं आहे ते या रचनेच्या सौंदर्याबद्दल.

या रचनेचा अभिजात नमुना इंदूरचा आहे. १९२४ साली होळकर संस्थानानं दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. कापूस हा तिचा मुख्य विषय. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड १९०५ पासून हिंदुस्थानात होते, आधी बिहारातल्या पुसा इथे. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि कामात बरोबरीच्या भागीदार. १९३१ साली ऑक्सफर्डनं 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर' हे पुस्तक छापलं, त्याच्या आदल्याच वर्षी गॅब्रिएल गेल्या होत्या. पुस्तकावर लेखक म्हणून दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतले रसायनशास्त्राचे सहायक. पुढे हॉवर्डांना 'सर' ही पदवी मिळाली, १९४० साली त्यांचं 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' आलं, आणि जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांनी त्यांना आद्य पुरुषाचा मान दिला. मराठी कानाला घरचं वाटणारं वाडांचं नाव मात्र मागे पडलं. इंदूर पद्धतीचं नाव काढणाऱ्यानं, निदान मराठीत तरी, ही दोन्ही नावं जोडीनं घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

१९३१ च्या त्या पुस्तकातली कृती मी वाचतो तेव्हा मला पहिली भुरळ पडते ती तिच्या आरंभाची. खड्डा भरण्याच्या कितीतरी आधी खत सुरू झालेलं असतं. कापसाच्या पऱ्हाट्या टणक असतात, त्या सहजी कुजत नाहीत. इंदूरला त्या गाडीवाटेवर अंथरायचे. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्यांवरून जाऊन त्या चिरडून निघायच्या. मग तो चुरा, वाळलेलं तण, उसाचं पाचट, पालापाचोळा हे सगळं एकत्र करून गोठ्यात बैलांच्या पायाखाली बिछायत म्हणून जायचं. तिथे त्यात गोमूत्र मुरायचं, शेण मिसळायचं, खुरांनी ते आणखी बारीक व्हायचं. गोठ्याच्या जमिनीची मुतानं भिजलेली माती खरवडून वेगळी ठेवायची आणि जागी कोरडी माती पसरायची. लाकडाची राख जपून ठेवायची, कारण कुजताना आंबटपणा वाढतो आणि राख तो मारते. यांतल्या एकाही गोष्टीसाठी शेतकऱ्याला बाजारात जावं लागत नाही. जे आहे त्याचा क्रम फक्त लावलेला आहे, आणि त्या क्रमात गाडीचं चाक आणि बैलाचं खूरही कामाला लागलेलं आहे. हिरवं तण थेट टाकायचं नाही, आधी सुकू द्यायचं. एकच एक जिन्नस नको, मिसळ हवी. या बारीक सूचनांमधून लिहिणाऱ्याचा हात किती मुरलेला आहे ते कळतं.

मग खड्डा. लांबी ३० फूट, रुंदी १४ फूट, आणि खोली अवघी २ फूट, कडा उतरत्या. ही खोली दोन फुटांवर का थांबते, यात सगळ्या पद्धतीचं मर्म आहे. ढिगात हवा वरून साधारण दीड-दोन फूट शिरते, त्याखाली शिरत नाही. खोल खड्डा घेतला असता तर मजुरी वाचली असती, जागा वाचली असती, पण खालचा भाग गुदमरला असता. म्हणून खड्डा पसरट केला. पावसाळ्यात त्यात पाणी साचणार, म्हणून त्या चार महिन्यांत जमिनीवरच ढीग रचायचा. थर द्यायचे ते पातळ: बिछायतीचा चुरा, त्यावर मूतमाती आणि राख, त्यावर शेणाचा काला, आणि शेवटी पाण्याचा शिडकावा. काल्यात आधीच्या, दहा-पंधरा दिवसांच्या खड्ड्यातलं पांढरी बुरशी धरलेलं थोडं खत मिसळायचं, दुधाला विरजण लावावं तसं.

नंतर पालटणं. भरल्यापासून साधारण पंधरा-सोळा दिवसांनी पहिल्यांदा, महिन्यानं दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तीन महिन्यांत खत तयार. या तीन पालटण्यांच्या मधली अंतरं वाढत जातात, कारण आतली भूक कमी होत जाते. सुरुवातीला बुरशी आणि सूक्ष्मजीव इतक्या वेगानं साखरा आणि प्रथिनं फस्त करत असतात, की प्राणवायू संपतो आणि उष्णता ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास चढते. तेव्हा हवा देण्याची घाई असते. पुढे सोपं अन्न संपतं, उरतं ते चिवट: सेल्युलोज आणि लिग्निन. ते फोडायला सावकाश काम करणारे जीव येतात, आणि त्यांना वारंवार हलवलं तर बुरशीचे धागे तुटतात. म्हणून शेवटचा महिना ढिगाला हात लावायचा नाही. रचना करणाऱ्यानं आपली लय ऐकणाऱ्यांवर लादलेली नाही, त्यांच्या श्वासावरून ती बांधली आहे. मला या कृतीतलं हेच सर्वांत मोठं सौंदर्य वाटतं.

हॉवर्डांनी हे सगळं शून्यातून काढलं असं नाही. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांचं १९११ चं चीन, कोरिया, जपानमधल्या शेतीवरचं पुस्तक त्यांच्या समोर होतं, आणि आपल्या गावोगावचे शेणखताचे खड्डे तर डोळ्यांसमोरच होते. त्यांनी आणि वाडांनी केलं ते हे, की प्रत्येक पायरीमागचं कारण शोधून काढलं आणि कारण नसलेली पायरी ठेवली नाही.

हवेचा हा एकच प्रश्न वेगवेगळ्या माणसांनी कसा सोडवला ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. बंगळूरला सी. एन. आचार्यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी जी पद्धत बसवली, तिच्यात शहरातला कचरा आणि मैला खोल चरांत थर देऊन भरतात आणि वरून मातीनं लिंपून हवा बंदच करतात. पालटण्याची मजुरी वाचते, पण काळ लांबतो. आपल्या पुसदच्या नारायण पांढरीपांड्यांनी तिसराच मार्ग काढला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून ओळखलं जाणारं हे टाकं साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असतं, विटांचं, आणि भिंतीत ओळीओळीनं भोकं ठेवलेली. आत पालापाचोळा, त्यावर शेणाचं पाणी, त्यावर चाळलेली माती, असे थर देत टाकं शिगोशीग भरायचं, वर झोपडीच्या छपरासारखा उतार करून शेणमातीनं लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत ते खाली बसतं, मग पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. पालटायचं एकदाही नाही. हवा देण्याचं काम भिंत करते. अवघ्या शंभरेक किलो शेणात टाकंभर, टनांनी मोजण्याइतकं खत निघतं. विदर्भातल्या शेतकऱ्याकडे जनावरं कमी होत चालली होती, शेण तोकडं होतं, माती आणि काडीकचरा मात्र मुबलक होता. त्या परिस्थितीत सुचलेलं हे उत्तर आहे. इंदूरची रचना अधिक डौलदार खरी, पण कमी साधनांत इतकं साधणारी म्हणून मी नाडेपला तिच्या खालोखाल नव्हे, तिच्या बरोबरीनं ठेवीन.

आता अंगणात, गच्चीवर या. इथे बैल नाहीत, पऱ्हाट्या नाहीत, ३० फुटांचा खड्डा तर नाहीच. काय उरतं? प्रमाण, हवा, ओल आणि काळ. चारही जसेच्या तसे उरतात.

प्रमाणाबद्दल माझं मत ठाम आहे: घरच्या ढिगातला सर्वांत मोलाचा जिन्नस स्वयंपाकघरातून येत नाही, झाडावरून पडतो. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. कर्बाचा मोठा हिस्सा ते ऊर्जेसाठी जाळून टाकतात, थोडा अंगी लावतात. हॉवर्ड आणि वाडांनीही सुरुवात साधारण ३३ ला १ अशी धरली होती. भाजीच्या देठांमध्ये, फळांच्या सालींमध्ये हे प्रमाण पंधरा-वीसच्या आसपास असतं, म्हणजे नत्र जास्त. वाळलेल्या पानांमध्ये ते चाळीस ते ऐंशीपर्यंत जातं. लाकडाच्या भुश्शात तर शेकड्यांत. नुसता ओला कचरा डब्यात टाकला, की जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, पाणी सुटतं, हवा कोंडते आणि डबा घाण मारायला लागतो. एक भांडं ओल्यावर दोन-तीन भांडी चुरलेली सुकी पानं पडली, तर यातलं काहीच होत नाही. ज्याच्याकडे पोतंभर सुकी पानं साठवलेली नाहीत, त्यानं डबा आणण्याची घाई करू नये. आधी पानं आणावीत.

आणि पान म्हणजे काय एक असतं? इथे थांबून वाचण्यासारखं पुष्कळ आहे. वर्षावृक्षाची, म्हणजे रेन ट्रीची, इवली पर्णिकं माघ-फाल्गुनात रस्त्याकडेला ढिगांनी पडतात. कुटायची गरज नाही, चाळायची गरज नाही, ओल्यावर भुरभुरवली की फटीफटीत जाऊन बसतात. शेंगवर्गीय झाड, त्यामुळे पानात नत्रही बऱ्यापैकी. घरच्या डब्यासाठी याच्याइतकं उत्तम पान मला ठाऊक नाही. गुलमोहराची पर्णिकंही त्याच जातीची. याच्या अगदी उलट देशी बदाम. गळण्याआधी लालभडक होणारी ती मोठी, जाड, मेणचट पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून पापुद्रे धरतात आणि खाली पाणी जाऊ देत नाहीत. ती पोत्यात भरून, पायानं तुडवून, चुरून मगच घालावीत. आंबा आणि फणसाची पानं चामट, ती वेळ घेतात, पण त्यांचा फायदा असा की ढीग लवकर दबत नाही. बांबूच्या पानात सिलिका फार, ते महिनोन् महिने तसंच राहतं. थोडं असावं, हवेसाठी. पिंपळाचं पान हे माझं आवडतं. त्याचं मऊ पातं आधी जातं आणि शिरांची जाळी पुष्कळ दिवस मागे राहते. अर्धवट झालेल्या खतात अशी एखादी जाळी हाताला लागली, की कुजण्याचा क्रमच डोळ्यांपुढे उभा राहतो: साखर आणि हरितद्रव्य आधी, सेल्युलोज मग, लिग्निन सर्वांत शेवटी. ज्या क्रमानं झाडानं पान बांधलं, त्यातलं सगळ्यात चिवट ते सगळ्यात मागे उरलं.

कोकणात बांधाबांधावर लावलेला गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात, तो या हिशेबात सुक्याच्या बाजूला धरायचा नाही. त्याचा हिरवा पाला नत्रानं भरलेला असतो. शेण मिळत नाही त्यांनी हा पाला शेणाच्या जागी वापरावा. सुबाभळीचं तसंच.

अडचण काळाची आहे. पानगळ शिशिरात सुरू होऊन फाल्गुन-चैत्रात संपते, आणि स्वयंपाकघरातला ओला जिन्नस वर्षभर येत राहतो. म्हणून साठवण हा या कलेचा भागच आहे, तिची पूर्वतयारी म्हणून तिला बाजूला काढता येत नाही. कोकणात भाताच्या तरव्यासाठी कवळ तोडून, शेण आणि पातेरा पसरून राब भाजण्याची जुनी रीत आहे. तिला तिची कारणं आहेत: तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमानं येतं. शहरातल्या रस्त्याकडेला सकाळी सकाळी पेटवलेल्या पानांच्या ढिगाला असं कोणतंही कारण नाही. तिथे वर्षभराच्या खतातला कर्ब एका सकाळीत धूर होऊन शेजाऱ्यांच्या छातीत जातो, आणि मला ते पाहवत नाही.

स्वयंपाकघराकडून येणाऱ्या जिन्नसांचंही एक पंचांग असतं. पौषात मटाराची टरफलं आणि गाजराचे शेंडे. चैत्र-वैशाखात कलिंगडाची सालं, आंब्याच्या साली आणि बाठे, फणसाची चारखंडं. या दिवसांत ढीग ओला आणि गोड होतो, चिलटं येतात, सुकी पानं दुप्पट लागतात. बाठा वर्षभर पुरून उरतो, त्याला वेगळं काढलं तरी चालतं. श्रावणात केळीची पानं. भाद्रपदात गणपतीची पत्री आणि निर्माल्य. दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पानं. तोरणाचा दोरा मात्र आधी ओढून काढावा, नाहीतर खत चाळताना तो हाताशी गुंतत राहतो. चहाचा चोथा बारमाही, साखर धुऊन टाकलेला. कांद्या-लसणाची टरफलं, कोथिंबिरीच्या काड्या चालतात. शिजवलेलं तेलकट अन्न, मासळीचं टाकाऊ, दुधाचे पदार्थ मोठ्या ढिगात खपून जातात, गच्चीवरच्या डब्यात घालू नयेत.

बाजारात मिळणाऱ्या विरजणाच्या पुड्यांबद्दल लोक विचारतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. पानांवर, सालींवर, मातीत कुजवणारे जीव आधीच असतात. आधीच्या ढिगातलं मूठभर खत किंवा थोडा शेणकाला पुरे. खर्च करायचाच असेल तर भोकं असलेल्या चांगल्या मोठ्या टोपलीवर करावा.

आता उष्णता. इंदूरचा ढीग तापतो कारण तो मोठा असतो. साधारण एक घनमीटरपेक्षा लहान ढिगातून उष्णता तयार होते त्याहून लवकर निसटते. अंगणात तेवढी जागा असेल, पानं आणि हिरवा पाला एकदम रचला असेल, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत खुपसलेली सळई हातात धरवत नाही. सलग तीन दिवस ५५ अंश टिकले, तर तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. गच्चीवरचा डबा फार तर कोमट होतो. यावरून तो नापास झाला असं समजू नये. थंड खताचा रस वेगळा आहे. ते सावकाश होतं, त्यात बुरशीचा वाटा मोठा राहतो, गांडुळांना ते मानवतं. त्याची एकच खूण पुढे दिसते: कुंडीत टाकलं की टोमॅटो, भोपळा, पपईची रोपं न लावता उगवून येतात. कुणाला ती तण वाटतात. मी त्यांतली चांगली ठेवतो.

डब्यात राहायला येणारे जीव हेही वाचनातलेच शब्द आहेत, त्यांना घाबरून झाकण लावू नये. पांढुरक्या, नंतर करड्या होणाऱ्या जाड अळ्या वळवळताना दिसल्या, की पुष्कळजण खत करणं सोडतात. त्या बहुतेक वेळा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. ती माशी चावत नाही, घरातल्या अन्नावर बसायला येत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा विलक्षण वेगानं खातात. त्यांची गर्दी झाली याचा अर्थ इतकाच, की ओलं फार झालं, पानं वाढवा. वाणी नावाचे, कुठे पैसा म्हणतात ते, गोल गुंडाळणारे जीव आले तर ढीग पिकत चालला असं समजावं. एक पाहुणा मात्र कोकणातल्या नारळवाल्यांनी ओळखून काढून टाकावा: इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, बोटाएवढी जाड पांढरी अळी. गेंड्या भुंगा शेणखताच्या गायरीत आणि अशा ढिगांत अंडी घालतो, आणि मोठा झाला की नारळाचा कोंब पोखरतो.

वास ही ढिगाची सर्वांत स्पष्ट भाषा आहे. नाकात झोंबणारा अमोनिया आला तर नत्र वाया चाललं आहे, सुकी पानं हवीत. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडली आहे, उलथून काढावं. आंबूस वास आला तर फळांची सालं एका जागी साचली आहेत. काहीच वास नाही आणि ढीग महिनाभर तसाच, तर तो कोरडा पडला आहे. ओलीची कसोटी मुठीची: पिळल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा, धार लागू नये. पाऊण वाटेवर पोचलेल्या ढिगाला जंगलातल्या पानांखालचा, किंचित अळंबीसारखा वास येतो. मला हा टप्पा तयार खताहूनही अधिक आवडतो. वस्तू तिथे ना पान राहिलेली असते ना माती झालेली, आणि पांढऱ्या धाग्यांनी दोन्ही बाजूंना अजून धरून असते.

तयार झालं हे कसं ओळखावं? ढीग निम्म्याहून खाली बसलेला असतो. आत हात घातला तर गार लागतो. कशाचं काय झालं ते ओळखू येत नाही. घरच्या डब्याला तीन ते चार महिने लागतात, आणि त्यानंतर महिनाभर ते पोत्यात, सावलीत मुरू द्यावं. घाईनं काढलेलं अर्धकच्चं खत कुंडीत घातलं, तर उरलेलं कुजवण्यासाठी सूक्ष्मजीव मातीतलंच नत्र ओढतात आणि झाडाची पानं पिवळी पडतात. शंका असेल तर खत आणि माती सारखी मिसळून त्यात मेथी पेरावी. शेजारी नुसत्या मातीत पेरलेल्या मेथीइतकीच ती उगवून हिरवी राहिली, तर खत पिकलं.

या खतात नत्र असतं एका टक्क्याच्या आसपास, कधी थोडं वर, कधी खाली. स्फुरद, पालाश त्याहून कमी-अधिक. रासायनिक खताच्या पोत्याशी तुलना केली तर ते अगदीच किरकोळ दिसेल, आणि ही तुलना करून नाकं मुरडणारे भेटतात. पण खताचं मोल त्याच्या आकड्यांपेक्षा मातीच्या कणांना ते कसं बांधतं त्यात आहे. देशावरची काळी माती ओली असताना चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. खत पडत गेलं की तिचे कण सुटे होतात, मुळांना वाट मिळते. कोकणातल्या जांभ्या मातीतून पावसाबरोबर सगळं वाहून जातं; तिथे हेच खत पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतं. एकाच वस्तूनं चिकट मातीला सैल करावं आणि सैल मातीला धरून ठेवावं, हा गुण पोत्यातल्या रासायनिक खतात नाही. कुंडीत तिसरा हिस्सा खत पुरे. निव्वळ खतात रोप लावू नये, ते बसत जातं आणि मुळं उघडी पडतात. गुलाबाच्या, लिंबाच्या आळ्यात वर्षातून दोनदा दोन ओंजळी, वर सुक्या पानांचं आच्छादन. अळू आणि केळीला हवं तितकं द्या, त्या दोघांना कधी जास्त होत नाही.

श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं सामान्य माणसाच्या हातून, घरच्या साधनांनी अशी जिवंत माती घडवण्याचं काम महाराष्ट्रात कितीतरी वर्षं केलं, आणि आज गच्चीवर भाजी पिकवणारे अनेक जण कळत-नकळत त्याच वाटेनं चालले आहेत. त्यांच्यात सामील व्हायला अंगण लागत नाही, चार फूट सावलीची जागा पुरते.

पुढच्या माघात पानगळ सुरू झाली, की आपल्या रस्त्यावर झाडलोट करणाऱ्या मावशींशी बोला. सोसायटीच्या बैठकीत पानं पेटवण्याला हरकत घ्या. वर्षावृक्षाची, पिंपळाची, जी मिळतील ती पानं चार पोत्यांत भरून कोरड्या आडोशाला ठेवा, आणि मग ओल्याचा पहिला थर द्या. पोती पावसात भिजू देऊ नका. जूनपासून पुढे त्यांची रोज गरज पडते.